समृद्धीचे पाणी मुळापर्यंत

जळगाव शहराला लागून असलेले मेहरूण हे एकेकाळी बोरांसाठी नावाजलेले गाव. त्या शिवारातली बोरे बाजारात गावाच्याच नावाने ओळखली जात. आज मेहरूण जळगाव महानगरपालिकेच्या हद्दीत आहे. तलावाच्या परिसरात नव्या वसाहती उभ्या राहिल्या आहेत आणि जवळच औद्योगिक वसाहत आहे. तेथे प्लास्टिकच्या चटया विणल्या जातात, पाइप तयार होतात, तुरीची डाळ भरडली जाते. ज्या जमिनीचा हिशेब कधीकाळी बिघ्यांत होत असे, तिचा भाव आता चौरस फुटावर सांगितला जातो. आणि याच परिसरात तांबापुऱ्यासारख्या दाटीवाटीच्या मजूर वस्त्याही आहेत. विकासाचे सगळे चेहरे पाहायला मुंबई-पुण्याला जाण्याची आवश्यकता नाही. मेहरूणच्या वेशीत ते एकत्र पाहायला मिळतात.

अशा गावाकडे पाहून दोन टोकांचे निष्कर्ष काढले जातात. पहिला निष्कर्ष असा की, कारखाने आले, रस्ते झाले, जमिनीला भाव आला, म्हणजे गरिबी आपोआप हटेल; वरचा हौद भरला की खालच्याला पाणी मिळणारच. दुसरा निष्कर्ष याच्या नेमका उलटा. आर्थिक वाढ हा श्रीमंतांचा खेळ आहे, तिच्यामुळे गरीब अधिकच गरीब होतो, म्हणून वाढीच्या मागे लागणेच चूक, असे सांगणारी मंडळीही आपल्याकडे कमी नाहीत. दोन्ही निष्कर्ष ठासून मांडले जातात आणि दोन्ही अर्धे आहेत. विकसनशील देशांच्या गेल्या साठ-सत्तर वर्षांच्या अनुभवाने आणि त्याहून जवळच्या अशा खान्देशच्या अनुभवाने या प्रश्नाचे पुरेसे स्पष्ट उत्तर दिले आहे. ते समजून घेणे समाजकार्य करणाऱ्या प्रत्येकाच्या दृष्टीने अगत्याचे आहे.

प्रथम वाढीला विरोध करणाऱ्यांचा विचार करू. स्वातंत्र्यानंतरची पहिली तीन दशके भारताची अर्थव्यवस्था वर्षाला सरासरी साडेतीन टक्क्यांच्या आसपास वाढत होती. लोकसंख्या दोन टक्क्यांहून अधिक वेगाने वाढत असल्यामुळे माणशी उत्पन्नात पडणारी भर जेमतेम सव्वा टक्क्याची होती. परवाने, कोटे आणि नियंत्रणे यांनी उद्यमशीलतेचा गळा आवळला होता. १९७१ ची निवडणूक 'गरिबी हटाव' या घोषणेवर जिंकली गेली. नियोजन आयोगाच्या मोजणीनुसार १९७३-७४ मध्ये देशात दारिद्र्यरेषेखाली सुमारे ३२ कोटी लोक होते. वीस वर्षांनी, १९९३-९४ मध्ये, त्याच पद्धतीने मोजले तेव्हाही ते सुमारे ३२ कोटीच भरले. लोकसंख्येतील त्यांचे प्रमाण ५५ टक्क्यांवरून ३६ टक्क्यांवर आले, हे खरे. परंतु दोन दशकांच्या घोषणांनंतर गरिबांचा आकडा जागचा हलला नव्हता. वाटायला काही निर्माणच झाले नाही, तर वाटप कशाचे करणार?

याच मंद गतीला प्रा. राज कृष्ण यांनी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात 'हिंदू वृद्धीदर' असे नाव दिले आणि ते जगभर रूढ झाले. हिंदू माणूस दैववादी, म्हणून त्याची प्रगती संथ, असा अर्थ पुढे अनेकांनी त्या शब्दांतून काढला. या तर्काचा फोलपणा इतिहासानेच दाखवून दिला. १९९१ मध्ये नियंत्रणे सैल झाली. समाज तोच, धर्म तोच, सण-व्रते तीच. तरीही वाढीचा वेग दुपटीच्या घरात गेला. दोष समाजाच्या श्रद्धांचा नव्हता, समाजाच्या हातापायांत घातलेल्या बेड्यांचा होता.

वेग वाढल्यावर गरिबीचे काय झाले? तेंडुलकर समितीच्या निकषाने २००४-०५ मध्ये देशात ३७.२ टक्के लोक गरीब होते; २०११-१२ मध्ये ते प्रमाण २१.९ टक्के झाले. गरिबांची संख्या ४०.७ कोटींवरून २६.९ कोटींवर आली. ज्या आकड्याला दोन दशके ओहोटी लागत नव्हती, तो सात वर्षांत सुमारे चौदा कोटींनी घटला. महाराष्ट्रात याच काळात हे प्रमाण ३८ टक्क्यांवरून १७ टक्क्यांच्या जवळ आले. पुढच्या दशकाचे चित्रही आशादायक आहे. जागतिक बँकेने २०२५ मध्ये दिवसाला तीन डॉलरची नवी रेषा लावली. तिच्या हिशेबाने भारतातील अतिदारिद्र्य २०११-१२ मधील २७.१ टक्क्यांवरून २०२२-२३ मध्ये ५.३ टक्क्यांवर आले. दोन पाहण्यांच्या पद्धतीत फरक असल्यामुळे नेमक्या आकड्याविषयी अर्थशास्त्रज्ञांत मतभेद आहेत; मात्र दिशेविषयी गंभीर शंका घ्यावी अशी स्थिती नाही. वाढ गरिबांच्या विरोधात असते, हे म्हणणे येथेच निकालात निघते.

परंतु येथे थांबणाऱ्यांनी नकाशा उघडून खान्देशाकडे पाहावे. नीती आयोगाने २०२१ मध्ये बहुआयामी दारिद्र्याचा पहिला जिल्हावार निर्देशांक प्रसिद्ध केला. केवळ उत्पन्नाऐवजी पोषण, शिक्षण, स्वयंपाकाचे इंधन, पिण्याचे पाणी, शौचालय, घर अशा बारा गोष्टी त्यात मोजल्या जातात. २०१५-१६ च्या पाहणीवर आधारलेल्या त्या अहवालात महाराष्ट्रात बहुआयामी गरिबांचे प्रमाण सुमारे १५ टक्के होते. त्याच महाराष्ट्रातील नंदुरबार जिल्ह्यात मात्र निम्म्याहून अधिक लोक गरीब ठरले. देशातील एक अत्यंत संपन्न राज्य, त्याची राजधानी ही देशाची आर्थिक राजधानी, आणि १ जुलै १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्याचाच भाग असलेल्या या सातपुड्याच्या कुशीतील जिल्ह्यात दर दोन माणसांमागे एक गरीब! पुढच्या पाहणीपर्यंत, म्हणजे २०१९-२१ पर्यंत, राज्याचे प्रमाण आठ टक्क्यांच्या खाली आले. ही प्रगती स्वागतार्हच आहे. पण मुंबईची संपत्ती साडेतीन-चारशे किलोमीटरवरील धडगाव-अक्कलकुव्यापर्यंत पोहोचण्यासाठी सत्तर वर्षे कमी पडली, हे वास्तव सरासरीच्या आकड्यामागे दडवता येणार नाही.

असे का होते, याचे उत्तरही खान्देशातच सापडते. अमळनेरचे उदाहरण घ्यावे. या गावात विसाव्या शतकाच्या आरंभी प्रताप मिल उभी राहिली आणि १९४५ मध्ये येथेच वनस्पती तुपाचा एक कारखाना सुरू झाला. तोच पुढे विप्रो या नावाने जगभर पोहोचला. सुरुवातीच्या काळात ज्या अमळनेरकर कुटुंबांनी या कंपनीचे थोडे समभाग घेऊन ठेवले, त्यांची नशिबे दोन पिढ्यांत पालटली. या गावातील समभागधारकांच्या कथा देशभर सांगितल्या जातात. प्रताप मिल मात्र पुढे बंद पडली आणि तिच्या भोंग्यावर ज्यांचा दिवस उगवत असे, त्या कामगारांना अन्यत्र पोट भरावे लागले. गाव एक, काळ एक, देशाच्या प्रगतीचा ओघही एकच. फरक एवढाच की, एकाच्या हातात वाढीबरोबर वाढणारे काही होते आणि दुसऱ्याच्या हातात फक्त रोजची मजुरी होती. आर्थिक वाढीचा लाभ प्रथम त्यालाच होतो ज्याच्याकडे तो झेलायला पात्र असते. मग ते पात्र जमीन असेल, भांडवल असेल, शिक्षण असेल किंवा एखादे कौशल्य.

केळीच्या पट्ट्यातही हेच दिसते. रावेर, यावल, चोपडा या तालुक्यांतील केळीने जळगाव जिल्ह्याला देशात नाव मिळवून दिले. २०१६ मध्ये जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकनही मिळाले. या समृद्धीचा एक शिल्पकार म्हणजे भवरलाल जैन. जामनेर तालुक्यातील वाकोदच्या या शेतकरीपुत्राने १९६३ मध्ये रॉकेलच्या विक्रीपासून व्यवसायाला आरंभ केला. पुढे पाइप, ठिबक सिंचन आणि ऊतिसंवर्धित केळीची रोपे यांनी या भागातील शेतीचे तंत्रच बदलले. पारंपरिक पद्धतीत दीड वर्षाच्या आसपास लागणारे केळीचे पीक ठिबक आणि ऊतिसंवर्धित रोपांच्या जोडीने वर्षभरात घरात येऊ लागले. पाण्याची बचत झाली, उत्पादन वाढले, केळी आखाती देशांपर्यंत गेली. परदेशी मदतीची वाट न पाहता देशी बुद्धीने आणि धाडसाने झालेली ही वाढ आहे. तिचा अभिमान वाटलाच पाहिजे.

तथापि ठिबकची नळी ज्याच्याकडे शेत आहे, त्याच्याच शेतात टाकता येते. शासनाचे अनुदान, बँकेचे कर्ज, पिकाचा विमा या सर्वांचा मार्ग सातबाऱ्यावरून जातो. सातपुड्याच्या पायथ्याशी केळीचे घड खांद्यावरून वाहणाऱ्या पावरा, तडवी किंवा भिल्ल मजुराच्या नावे सातबारा नसतो, किंवा असला तर तो कोरडवाहू उताराचा असतो. केळीच्या वाढीमुळे त्याला काम मिळाले, हे निर्विवाद. परंतु वादळाने बाग आडवी झाली, विषाणूने रोपे गेली किंवा भाव कोसळला, तर शेतकऱ्याच्या नुकसानीची मोजणी होते, पंचनामा होतो. ज्याचा रोज बुडाला, त्याचा पंचनामा कोणत्याही कागदावर नसतो. एकाच यावल तालुक्यात पठारावर केळीचे हिरवे पट्टे आणि डोंगरात पावसाळा संपताच कामाच्या शोधात बाहेर पडणारे पाडे, असे दोन भिन्न जग नांदत असते.

मग हा माणूस जातो कोठे? खान्देशाने यावर आपल्या परीने उत्तर शोधले आहे. ताप्ती खोऱ्याच्या रेल्वेमार्गाने तो सुरतेला जातो. उधना, लिंबायत या भागांत मराठी, त्यातही अहिराणी बोलणारी लक्षावधी कुटुंबे वसली आहेत. कापडाच्या मागांवर आणि रंगकामाच्या कारखान्यांत काम करून या कुटुंबांनी गावी पैसे पाठविले, घरे बांधली, मुलांना शिकविले. त्यांच्यातून लोकप्रतिनिधीही निवडून आले. वाढीचे केंद्र शेजारच्या राज्यात असले, तरी तेथवर पोहोचणारी रेल्वे आणि तेथे कामाला लागणारी नातलगांची साखळी असल्यामुळे त्या वाढीचा वाटा खान्देशाला मिळाला. नंदुरबार आणि धुळ्याच्या दुर्गम भागातून दक्षिण गुजरातच्या ऊसपट्ट्यात जाणाऱ्या ऊसतोड कुटुंबांची कथा मात्र निराळी आहे. ती मुकादमाच्या उचलीवर जातात, उसाच्या फडाशेजारी झोपड्यांत राहतात आणि हंगाम संपला की उचल फेडून जवळजवळ रिकाम्या हाताने परत येतात. त्यांच्याबरोबर गेलेल्या मुलाची शाळा सुटते, आणि वाढ झेलण्याचे जे एकमेव पात्र पुढच्या पिढीला मिळायचे, तेच फुटते. स्थलांतर दोन्हीकडे आहे. एक कुटुंबाला वर नेते, दुसरे त्याला त्याच पायरीवर गोल फिरवत ठेवते.

जगाचा अनुभव याहून वेगळा नाही. चीनने १९७८ नंतर सुधारणांची सुरुवात शेतीपासून केली. सामूहिक शेतीचे जोखड काढून जमीन कसण्याचा अधिकार कुटुंबाकडे दिला. कारखाने नंतर आले. आधी खेड्यातल्या घरात धान्य आणि हातात पैसा आला. जागतिक बँकेच्या हिशेबाने चार दशकांत तेथील सुमारे ८० कोटी लोक अतिदारिद्र्यातून बाहेर पडले. तेथील एकपक्षीय राजवट अनुकरणीय नाही, पण शेतीपासून आरंभ करण्याचा धडा महत्त्वाचा आहे. व्हिएतनामने १९८६ मध्ये हीच वाट धरली आणि तांदूळ आयात करणारा तो देश काही वर्षांतच मोठा निर्यातदार झाला. याउलट नायजेरियात सहा दशकांहून अधिक काळ खनिज तेल निघत आहे. तेलाचा पैसा आला, राजधानी झळकली, पण अतिदरिद्री लोकांची संख्या सर्वाधिक असलेल्या देशांत नायजेरियाचे नाव कायम राहिले. तेलविहिरीला मजूर थोडेच लागतात आणि तिचा नफा वरच्या वर्तुळात फिरत राहतो. ब्राझीलची अर्थव्यवस्था १९६८ ते १९७३ या काळात वर्षाला दहा टक्क्यांच्या आसपास वाढली, तेव्हा तिला 'चमत्कार' म्हटले गेले. त्याच काळात तेथील विषमताही रुंदावली आणि गरिबांच्या हाती थेट काही देण्याच्या योजना पुढे दोन-तीन दशकांनी आखाव्या लागल्या. तात्पर्य, वाढ किती झाली याइतकेच ती कोठून सुरू झाली आणि किती हातांना काम देऊन गेली, हे निर्णायक ठरते.

या कसोटीवर आजचा भारत कोठे आहे? देशातील काम करणाऱ्यांपैकी सुमारे ४६ टक्के लोक अद्याप शेतीवर अवलंबून आहेत, असे २०२३-२४ च्या श्रमबळ पाहणीतून दिसते. राष्ट्रीय उत्पन्नात मात्र शेतीचा वाटा १८ टक्क्यांच्या आसपास आहे. म्हणजे जवळजवळ अर्ध्या पंगतीला एक पंचमांशाहूनही कमी ताट वाढलेले आहे. कोरोनापूर्वी शेतीवरील हे प्रमाण कमी होत होते. टाळेबंदीत शहरांतून परतलेली माणसे गावात सामावून घेताना ते पुन्हा वाढले. संकटात गावाने आणि कुटुंबाने आपल्या माणसाला टाकले नाही, हे आपल्या समाजरचनेचे बळ. पण एका भाकरीत चार वाटेकरी करून घेणे म्हणजे दारिद्र्यनिर्मूलन नव्हे. मेहरूणजवळच्या औद्योगिक वसाहतीसारख्या शेकडो ठिकाणी लहान-मध्यम उद्योग वाढले, त्यांना वेळेवर वीज आणि वाजवी व्याजाने कर्ज मिळाले, तेथील कामगाराला भविष्य निर्वाह निधी आणि सुरक्षित यंत्र मिळाले, तरच शेतीवरचा हा भार हलका होईल. ज्या वाढीतून माणसाच्या हाताला काम मिळत नाही, ती वाढ आकड्यांत कितीही देखणी दिसली, तरी मजुराच्या घरातली चूल तिच्यावर पेटत नाही.

दुसरा प्रश्न गळतीचा. गरिबांपर्यंत वाढीचा वाटा नेणाऱ्या योजना कमी नाहीत. पण नळीला जागोजाग छिद्रे असतील, तर शेवटच्या झाडाला पाणी मिळत नाही. जळगावकरांना याचे उदाहरण बाहेर शोधावे लागणार नाही. झोपडपट्टीवासीयांसाठी १९९० च्या दशकाच्या अखेरीस तत्कालीन नगरपालिकेने हजारो घरांची घरकुल योजना हाती घेतली. घरे अर्धवट राहिली, कर्जाचा डोंगर नगरपालिकेच्या आणि पुढे महानगरपालिकेच्या माथी बसला, २००६ मध्ये गुन्हा दाखल झाला आणि ३१ ऑगस्ट २०१९ रोजी धुळ्याच्या विशेष न्यायालयाने ४८ जणांना दोषी ठरविले. त्या निकालाविरुद्ध अपिले दाखल झाली. न्यायालयीन प्रक्रिया आपल्या गतीने चालते. परंतु ज्या कुटुंबासाठी ते घर बांधले जायचे होते, त्याची एक संपूर्ण पिढी या काळात पत्र्याच्या खोलीत वाढली. शहर श्रीमंत होत होते, नगरपालिकेचे नाव राज्यात गाजत होते, तरीही हे घडले. भ्रष्टाचार हा केवळ कायद्याचा प्रश्न नाही. गरिबाच्या वाट्याची वाढ वाटेतच जिरवून टाकणारी ती सर्वांत मोठी गळती आहे. अलीकडच्या काळात अनुदाने थेट बँक खात्यात जमा होऊ लागल्याने ही गळती बरीच आटोक्यात आली. पण खात्यात पैसा पाठविणे सोपे. घर, शाळा आणि दवाखाना खात्यात पाठविता येत नाहीत.

तिसरा प्रश्न घसरगुंडीचा. गरिबीतून वर आलेला माणूस तेथेच टिकून राहतो, असे गृहीत धरणे धोक्याचे आहे. अनिरुद्ध कृष्ण या अभ्यासकाने राजस्थान, गुजरात, आंध्र आदी भागांतील हजारो कुटुंबांची पाहणी करून २०१० मध्ये एक ग्रंथ प्रसिद्ध केला. कुटुंबे पुन्हा गरिबीत कोसळण्याचे प्रमुख कारण आजारपण आणि त्यावरील खर्च हे आहे, असा त्याचा निष्कर्ष होता. कारखान्यातील कामगाराने वीस वर्षे काटकसर करून जमविलेले पैसे एका हृदयविकाराच्या झटक्यात संपतात, हे कोणत्याही मध्यमवर्गीय कुटुंबाला समजावून सांगण्याची गरज नाही. म्हणूनच २०१२ मध्ये धुळ्यासह आठ जिल्ह्यांत सुरू होऊन पुढे राज्यभर पोहोचलेली आणि आज महात्मा फुले यांच्या नावाने ओळखली जाणारी जीवनदायी आरोग्य योजना, तसेच २०१८ ची आयुष्मान भारत योजना यांचे मोल केवळ आरोग्याच्या खात्यात मोजून चालणार नाही. वर आलेल्या माणसाच्या पायाखालची ती फळी आहे. मात्र कार्ड खिशात असून रुग्णालयात खाट मिळत नसेल, तर फळी असून नसल्यासारखी ठरते.

या सगळ्याचा विचार महाराष्ट्राने फार पूर्वी केला होता, याचे विस्मरण होऊ नये. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये भारतातील दारिद्र्यावरील आपला अभ्यास प्रसिद्ध केला. १९६०-६१ मध्ये ग्रामीण भागात सुमारे ४० टक्के आणि शहरी भागात सुमारे ५० टक्के लोकांना पोटभर अन्न मिळण्याइतकाही खर्च करता येत नव्हता, असे त्यांनी दाखविले. त्या दशकात जी वाढ झाली, तिचा लाभ प्रामुख्याने वरच्या थरांना झाला, हेही त्यांनी निर्भीडपणे मांडले आणि सार्वजनिक कामांतून रोजगाराची हमी देण्याचा उपाय सुचविला. याच सुमारास वि. स. पागे यांनी सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात १९६५ मध्ये केलेल्या प्रयोगातून रोजगार हमीची कल्पना आकारास येत होती. १९७२ च्या दुष्काळात तिने लक्षावधी कुटुंबांना उपासमारीतून वाचविले, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. केंद्राचा कायदा त्यानंतर पाव शतकाने, २००५ मध्ये आला. पोट आजच भरले पाहिजे आणि वाढीची फळे उद्या मिळणार आहेत, या दोहोंमधील अंतर ओलांडण्याचा पूल महाराष्ट्राने देशाला दिला.

तात्त्विक पातळीवर याच प्रश्नाला पं. दीनदयाळ उपाध्याय यांनी हात घातला होता. १९६५ च्या एप्रिलमध्ये मुंबईत दिलेल्या चार व्याख्यानांतून त्यांनी एकात्म मानवदर्शन मांडले. व्यक्तीला बाजारातील ग्राहक किंवा शासनाच्या यंत्रातील खिळा एवढेच न मानणारी ती दृष्टी होती. योजनेचे यश शिखरावरील माणसाच्या उंचीने न मोजता, रांगेत शेवटी उभ्या असलेल्या माणसाच्या स्थितीवरून मोजावे, हा अंत्योदयाचा विचार त्यातूनच पुढे आला. तो केवळ व्यासपीठावर राहिला नाही. २५ डिसेंबर २००० रोजी अटलबिहारी वाजपेयी यांच्या शासनाने एकाच दिवशी दोन योजनांचा आरंभ केला: अतिगरीब कुटुंबांना स्वस्त धान्य देणारी अंत्योदय अन्न योजना आणि खेडी पक्क्या रस्त्याने जोडणारी प्रधानमंत्री ग्रामसडक योजना. एक आजची भूक भागविणारी, दुसरी उद्याच्या बाजारपेठेकडे नेणारी. आज धान्य मोफत झाले आहे. ते आवश्यकच आहे. पण ज्या दिवशी त्या धान्याची गरज भासणाऱ्यांची यादी आखडू लागेल, त्या दिवशी अंत्योदय सफल झाला असे म्हणता येईल. लाभार्थ्यांची वाढती संख्या हा गौरवाचा विषय मानण्याची सवय सर्वच पक्षांनी सोडायला हवी.

शासनाने सारे करावे आणि समाजाने टाळ्या वाजवाव्यात, असा हा विषय नाही. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील बारीपाडा हे त्याचे प्रत्यंतर. १९९० च्या दशकापूर्वी हा पाडा उजाड डोंगर, आटलेल्या विहिरी आणि कामासाठी स्थलांतर या चक्रात अडकला होता. वाणिज्य शाखेचे पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या चैत्राम पवार यांनी नोकरीची वाट न धरता गावातच काम आरंभिले. वनवासी कल्याण आश्रमाची साथ मिळाली. गावाने एकत्र बसून नियम केले: झाड तोडल्यास दंड, चराईवर बंधन, दारूबंदी, मुलांना शाळेत पाठविण्याची सक्ती. श्रमदानाने बंधारे झाले. सुमारे चारशे हेक्टर जंगल पुन्हा उभे राहिले, पाणी जमिनीत मुरले, शेतात दुसरे पीक येऊ लागले आणि स्थलांतर थांबले. वनभाज्यांच्या महोत्सवाला दूरदूरचे लोक येऊ लागले. २०२५ मध्ये चैत्राम पवार यांना पद्मश्री जाहीर झाली. येथे कोणताही मोठा कारखाना आला नाही. गावाच्या हाती असलेले पात्र, म्हणजे जंगल, जमीन आणि पाणी, गावाने आधी दुरुस्त केले; मग बाहेरच्या योजनेचा आणि बाजाराचा पैसा त्यात साठू लागला.

बारीपाड्याचा मार्ग जसाच्या तसा मेहरूणच्या मजूर वस्तीत चालणार नाही. तेथे जंगल नाही, ग्रामसभा नाही आणि शेजारी कोण राहतो याची खबर नाही. तेथील पात्र निराळे आहे. औद्योगिक वसाहतीला जोडून जोडारी, वीजतंत्री आणि यंत्रचालक घडविणारे प्रशिक्षण, कामगारांच्या मुलांसाठी संध्याकाळची अभ्यासिका, घरकाम करणाऱ्या भगिनींचे बचत गट, सावकाराऐवजी सहकारी बँकेचे लहान कर्ज, योजनांची कागदपत्रे भरून देणारे मदत केंद्र: ही कामे कोणत्याही अर्थसंकल्पाची वाट पाहत नाहीत. चार सुशिक्षित कुटुंबांनी आठवड्यातून दोन संध्याकाळ दिल्या, तरी एका वस्तीत हे सारे उभे राहते. जळगावला सहकाराची आणि सेवाकार्याची परंपरा आहे. त्या परंपरेची कसोटी आता शहराच्या नव्या वसाहतींत नव्हे, तर त्यांच्या पाठीमागच्या गल्ल्यांत लागणार आहे.

देश वेगाने वाढला पाहिजे, यात दुमत असण्याचे कारण नाही. ३२ कोटींचा तो थिजलेला आकडा मंद गतीचे मोल काय असते, हे सांगण्यास पुरेसा आहे. परंतु यापुढे वाढीच्या दराबरोबर आणखी काही आकडे प्रत्येक जिल्ह्यात दरवर्षी विचारले गेले पाहिजेत. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांतील किती मुले शाळेत टिकली? औद्योगिक वसाहतीतील किती कामगारांच्या नावे भविष्य निर्वाह निधी जमा झाला? गरिबांसाठी मंजूर झालेल्या घरांपैकी किती घरांत प्रत्यक्ष दिवा लागला? किती कुटुंबे आजारपणामुळे कर्जात गेली? लोकप्रतिनिधींना हे प्रश्न विचारणे हा नागरिकांचा अधिकार आहे आणि त्यांची उत्तरे वस्तीत जाऊन पडताळून पाहणे हे कार्यकर्त्यांचे कर्तव्य.

ज्या जिल्ह्याने ठिबक सिंचनाचे तंत्र देशभर नेले, त्याला हे वेगळे शिकवायला नको. धरण भरले म्हणून झाड जगत नाही. प्रत्येक मुळापर्यंत नळी नेणे, ती तुंबली तर साफ करणे आणि फुटली तर त्याच दिवशी जोडणे, हे काम कोणाला तरी शेतात उतरून करावेच लागते.